वर्लानं न उलटलेलं पान

जुलै लागला की मला अजून पहाटे चारला जाग येते. उठून करायचं काही नसतं. मक्याचे तुरे काढायला आता यंत्रं आली, उरलंसुरलं काम बाहेरून आलेली माणसं करतात, आणि शाळेच्या पटांगणाशी उभी राहायची ती जुनी पिवळी बस कधीच भंगारात गेली. तरी जाग येते. मग मी देवापाशी दिवा लावते, रामरक्षा म्हणते आणि वर्लाची आठवण काढते. दोन्ही एकाच बैठकीत होतं. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

वर्ला ओल्टमान आमच्या टोळीची मुकादम. अल्डीन ह्या आमच्या गावातली पोरं तिला ‘बॉस’ म्हणायची. उंच, हाडापेरानं मोठी, केस पुरुषी कापलेले, आणि आवाज असा की चाळीस ओळींपलीकडं वाकलेल्या पोरानं दचकून सरळ व्हावं. रविवारी मात्र चर्चमध्ये शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची. मे महिन्याच्या अखेरीस सगळं गाव कबरींवर फुलं ठेवायला जातं, तेव्हा ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात घरची गुलाबी फुलं घालून धाकट्या भावाच्या दगडापाशी ठेवायची. त्या दगडावर डेल असं नाव होतं आणि दोन सालं होती. त्यांच्यात सोळाचंच अंतर. ती त्याच्याबद्दल बोलायची नाही, मी विचारायची नाही.

नेब्रास्कात मी लग्न होऊन आले. माझे यजमान बियाण्याच्या कंपनीत होते. बियाण्याच्या मक्यात मादी ओळींचे तुरे हातानं उपटून टाकावे लागतात, आणि ते वेळेतच व्हावं लागतं, नाहीतर अख्खं शेत वाया. जुलैतले तीन आठवडे ते काम गावातली शाळकरी पोरं करायची. आमची शलाका पंधरा वर्षांची झाली त्या साली, म्हणजे शहाण्णवला, तिनंही नाव दिलं. पोरं तीस, म्हणून कंपनीला बसमध्ये आणखी एक मोठं माणूस हवं होतं. वर्ला थेट माझ्या दारात आली.

“तू ये,” म्हणाली.

“मला त्यातलं काय कळतं? आणि माझं इंग्रजी हे असं.”

“तेच तर हवंय. तू रागावलीस तर बाई काय बोलली ह्याचा विचार करतच पोरं अर्धा तास गप्प बसतील.”

मग गेले.

पावणेपाचला बस सुटायची. लांबच्या शेतांवर पोचायला तास लागे. पोरं दव अंगाला लागू नये म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून त्या अंगात घालून यायची, बर्फाच्या पाण्याचे भले मोठे जग घेऊन. बस चालवायचा वर्लाचा नवरा लायल. दिवसभरात तो दहा शब्द बोलला तर पुष्कळ. आणि बस गावाबाहेर खडीच्या रस्त्याला लागली की वर्ला पुढच्या आसनाला पाठ टेकून, पोरांकडं तोंड करून उभी राहायची. लायलचा शिकारीचा दिवा कपाळाला बांधायची, नाकावर चष्मा चढवायची आणि पुस्तक उघडायची.

त्याचं कारण पिवळा कागद. मे महिन्यात, शाळा सुटण्याच्या आठवड्यात, ऑनर्स इंग्रजीत, म्हणजे हुशार पोरांच्या वरच्या वर्गात, नाव असलेल्यांना तो मिळे. सुटीत वाचायची दोन पुस्तकं त्यावर लिहिलेली. ऑगस्टमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्यावर परीक्षा, आणि जो नापास होईल तो ऑनर्समधून खाली, साध्या वर्गात. एकदा खाली आलेला पुन्हा वर जात नसे. जूनमध्ये पोरं बारकं पुस्तक कसंबसं संपवायची. जाडं पुस्तक जुलैवर ढकललेलं, आणि जुलैत दिवसभर मक्यात राबून आलेलं पोर जेवताना ताटावरच पेंगायचं.

“माझ्या मक्यामुळं तुमच्यातल्या एकाचीही जागा जाणार नाही,” हे वर्ला दर साली पहिल्या दिवशी सांगायची. मग जाडं पुस्तक ती तीन आठवड्यांत मोठ्यानं वाचून संपवायची. बसमध्ये ऑनर्सचे सात होते, बाकीचे तेवीस नव्हते. ऐकायचे तीसही.

माझ्या गावी मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लागायची, तशीच ती पोथी. नारायणबुवा वाचायचे, अर्धी बायामाणसं डुलक्या घ्यायची, पण अध्याय चुकवायचं कुणाच्या मनात यायचं नाही. इथं फक्त कंदिलाच्या जागी कपाळावरचा दिवा, आणि खड्डा आला की वाक्य मधेच उडायचं.

“बॉस, गोष्टीतल्या म्हाताऱ्याला उचकी लागली का?” मागून ब्रेंट ओरडायचा. ब्रेंट म्हणजे बसमधला वात्रट. ऑनर्समध्ये होता, पण ते तो स्वतःच विसरून जायचा.

“उचकी ह्या लायलच्या रस्त्याला लागलीय. गप ऐक.”

“मी काय केलं?” लायल पुटपुटायचा. त्याच्या दहातले तीन शब्द तिथंच खर्ची पडायचे.

त्या साली शाळेत नवीन बाई आल्या होत्या, मिस पेलान. तरुण, शिस्तीच्या. त्यांनी जुन्या याद्या काढून एक फार वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा लावलं. नदीवर तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, चालवणाऱ्या दोन भावांची गोष्ट. वर्लानं पहिल्या दिवशी पुस्तक काढलं तेव्हा मी पाहिलं, ते नवं नव्हतं. तपकिरी कागदाचं कव्हर, आत पहिल्या पानावर कोवळ्या अक्षरात तिचं माहेरचं नाव आणि ‘जून १९५७’. पानांच्या कडा जवळजवळ शेवटापर्यंत मळलेल्या होत्या, शेवटच्या काही पानांच्या तेवढ्या पांढऱ्या. त्या दोहोंच्या मधे बियाण्याच्या पोत्याची चिठ्ठी खुणेला घातलेली. मी पाहिलं, आणि विसरले.

मीही ते पुस्तक वाचत होते. शलाकासाठी आणलेली प्रत स्वयंपाकघरात पडलेली असायची. जूनभर शब्दकोश उघडून, कुकरच्या शिट्या मोजत, मी ते तडीला नेलं. माझं पहिलं अख्खं इंग्रजी पुस्तक. शेवटी धाकटा भाऊ विली पुरात बुडतो. दोर तुटतो, थोरला हात पुढं करतो, हात पोचत नाही. मी पदराला डोळे पुसले आणि डाळीला फोडणी घातली.

शेवटचा दिवस शनिवार होता. पोरं थकलेली, हातांवर मक्याच्या पातीचे लाल ओरखडे, तरी सगळी जागी. वर्ला वाचत होती. पूर चढला. दोर करकरला. विली पाण्यात गेला. पानाच्या तळाशी ती आली आणि थांबली. बस चालली होती, खडी वाजत होती. मग ती पुन्हा बोलायला लागली, पण तिनं पान उलटलं नव्हतं.

“...आणि विलीच्या हाताला काठावरच्या कॉटनवुडच्या झाडाची फांदी लागली,” ती म्हणाली. मग थोरल्यानं कमरेचा पट्टा काढून त्याच्याकडं कसा फेकला, दोघं चिखलात कसे पडले, आणि धाकटा खोकत म्हणाला, “आईला सांगू नकोस.” पोरं हसली, टाळ्या वाजल्या. ब्रेंटनं शिटी मारली.

मी आरशात पाहिलं. लायल आरशातून माझ्याकडंच पाहत होता. त्यानं डोकं हलवलं, नाही म्हणून. मी गप्प बसले. मला वाटलं, पोरं लहान आहेत, शेवटचा दिवस आहे, तिनं मुद्दाम गोड केलं. पोथीतलं अक्षर बदलू नये हे मला लहानपणापासून ठाऊक. पण पोथी माझी नव्हती, असं म्हणून मी सुटले. घरी शलाकाला एवढंच विचारलं, “तू स्वतः वाचलंस ना गं?”

“हो आई, वाचलं.”

शाळा उघडली. परीक्षा झाली. आठवड्यानं घरी पत्र आलं: शलाका आणि आणखी सहा जणांनी पुस्तक न वाचता एकमेकांचं पाहून लिहिलं आहे, म्हणून पुढच्या सोमवारपासून सातही जण साध्या वर्गात बसतील. प्रश्न होता, शेवटच्या अध्यायानंतर थोरला भाऊ कसा बदलला? सातही जणांनी कॉटनवुडची फांदी लिहिली होती. पट्टासुद्धा.

“वाचलं म्हणाली होतीस ना?” मी विचारलं.

शलाका रडत होती. “वाचलं गं! सगळं वाचलं. शेवटचा अध्याय तेवढा सोडला. तो बसमध्ये ऐकलाच होता, मग कशाला वाचू?”

म्हणजे त्या घरात पुस्तक पुरं वाचलेली एकटी मी. ते पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि वर्लाकडं गेले.

ती मागच्या ओसरीवर गोड मक्याची कणसं सुरीनं सोलत होती, हिवाळ्यासाठी फ्रीजरमध्ये टाकायला. मांडीवर परात, पायाशी साली. मी पत्र पुढं केलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

“म्हणजे तसं नाहीये?” ती म्हणाली.

“काय तसं नाहीये?”

“शेवट.”

मला कळेचना. “तुम्हीच तर बदललात, वर्ला.”

“मी बदलला नाही. मला तो ठाऊकच नव्हता.” सुरी तिनं परातीत ठेवली. “सत्तावन्न साली हीच यादी होती. मीही ऑनर्समध्ये होते, तुझ्या पोरीसारखी. शिक्षिका व्हायचं होतं मला, हसू नकोस. ऑगस्टात ओसरीवर बसून वाचत होते, तो दोर करकरतो तिथपर्यंत आले होते. आतून आईनं हाक मारली. डेल मक्याच्या उंच कोठीत वरून आत उतरला होता. मका चिकटून बसला होता तो मोकळा करायला. खालून मका सुटला, आणि...” तिनं बोटांनी दाखवलं, वाळू सरकते तसं. “मी धावत गेले. हात दिसत होता. मी वरून हात घातला होता गं.”

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

“मग पुस्तक कुणी उघडायचं? परीक्षेत कोरा कागद दिला. साध्या वर्गात बसवलं. त्यांचंही बरोबर होतं, मी वाचलं नव्हतं.” ती थोडा वेळ साली पायानं एकत्र करत राहिली. “त्या दिवशी बसमध्ये वाटलं, आता उलटते पान. इतकी वर्षं झाली. पण बोट हललं नाही. तोंडातून ते फांदीचं निघालं. मला वाटलं, असंच काहीतरी असेल. पुस्तक लिहिणारा इतका दुष्ट कशाला असेल?”

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “मेला का गं तो?”

“हो,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. उठून हात धुतले. “सात पोरं,” म्हणाली. “माझ्यासारखीच सात खाली घातली मी. चल.”

“कुठं?”

“शाळेत. थांब, कपडे बदलते.”

चर्चला जायचा निळा फ्रॉक घालून ती मिस पेलानसमोर उभी राहिली. मी मागं. बाई वह्या तपासत होत्या.

“त्यांनी कॉपी केलेली नाही,” वर्ला म्हणाली. “शेवट मी रचला. बसमध्ये वाचून दाखवताना.”

“तुम्ही वाचून दाखवता? ऑनर्सच्या मुलांना?”

“ऑनर्सच्या आणि बिनऑनर्सच्या. बस एकच आहे.”

“अहो, कागदावर ‘वाचा’ लिहिलंय. ‘ऐका’ असं नाही.”

“दिवसभर मक्यात उभं राहून बघा एकदा, मग कोण किती वाचतं ते सांगा.”

“म्हणून खोटा शेवट सांगायचा?”

मला राहवलं नाही. “आमच्याकडं मोठमोठे ग्रंथ ऐकूनच लोकांना येतात,” मी म्हटलं. “पण ऐकवणाऱ्यानं अक्षर बदलायचं नसतं, हेही खरं.”

वर्ला गर्रकन वळली. “तू माझ्या बाजूची आहेस की हिच्या?”

“दोघींच्या,” मी म्हटलं. “आणि मला शेवट ठाऊक होता. मी तिथंच बसून होते आणि गप्प राहिले. माझंही नाव लिहा.”

मिस पेलान पहिल्यांदाच हसल्या, थोडंसं. मग वर्लानं त्यांना ओसरी आणि कोठी सांगितली. चार वाक्यांत, हवामान सांगावं तशी. बाई बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिल्या.

“नियम मला मोडता येत नाही,” शेवटी म्हणाल्या. “पण शनिवारी सकाळी दुसरा प्रश्न देऊ शकते. मुलांनी त्याआधी शेवटचा अध्याय वाचायचा.”

“मी बिघडवलंय, मीच वाचणार,” वर्ला म्हणाली. “बसमध्ये. तुम्हीही या. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर थांबवा मला.”

शनिवारी आठ वाजता लायलनं बस शाळेसमोर उभी केली. इंजिन बंद. सातही पोरं आपापल्या जागी, मिस पेलान पहिल्या आसनावर स्वतःची प्रत उघडून. मी घरून निघताना देवाला एवढंच म्हटलं होतं, तिचं बोट हलू दे. ऊन चांगलं पडलेलं होतं, तरी वर्लानं कपाळाला दिवा बांधला. ब्रेंटला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. शलाकानं त्यांना सगळं सांगितलं होतं.

वर्ला वाचायला लागली. खडी नाही, खड्डे नाहीत, त्यामुळं तिचा आवाज अनोळखी वाटत होता. पूर चढला. दोर करकरला. विली पाण्यात गेला. ती पानाच्या तळाशी आली आणि थांबली. तिचं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. लायल आरशात न बघता स्टिअरिंगकडं बघत होता. मिस पेलाननी तोंड उघडलं आणि मिटलं.

मागून ब्रेंट म्हणाला, अगदी हळू, “बॉस, पान उलटा.”

तिनं उलटलं.

पुढची सहा पानं तिनं न थांबता वाचली. हात पोचला नाही, तेही. थोरला भाऊ रोज संध्याकाळी रिकामी तर पलीकडं नेऊन परत आणायचा, ते मी विसरले होते, तेही. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस पेलाननी कोरे कागद वाटले. सात वाटून झाले तेव्हा वर्लानं हात पुढं केला.

“मलाही एक.”

बाईंनी दिला. ती लायलच्या मागच्या आसनावर बसली, मांडीवर पुठ्ठा घेतला, आणि जीभ दातांत धरून लिहीत राहिली. तिचा कागद सगळ्यांत शेवटी आला.

सहा जण ऑनर्समध्ये राहिले, शलाकाही. ब्रेंट राहिला नाही. त्यानं एवढंच लिहिलं होतं की पुस्तकातला शेवट चूक आहे आणि बॉसचा बरोबर. मिस पेलान त्याला समजवायला घरी गेल्या, पण तो हटेना. आता बियाण्याच्या कंपनीचं गोदाम तोच बघतो, आणि अजून म्हणतो, विली वाचला. पुढच्या जुलैत मात्र पावणेपाचला बसच्या दारात काळी पिशवी अंगात घालून मिस पेलान उभ्या होत्या. “दिवसभर उभं राहून बघा म्हणाला होतात,” म्हणाल्या. दुपारी बाराला त्या ट्रकच्या सावलीत आडव्या झाल्या होत्या.

वर्लाचा कागद तपासून पोस्टानं घरी आला. बी मायनस. खाली लाल शाईत लिहिलेलं, ‘समज उत्तम. शेवटाबद्दल आणखी लिहायला हवं होतं.’ तिनं तो फ्रीजवर चिकटवला, आणि गेली तोपर्यंत तिथंच होता. कुणी घरी आलं की त्याच्यासमोर उभी राहून कुरकुरायची.

“बी मायनस! एकोणचाळीस वर्षं लागली मला, आणि बी मायनस!”

“बाई बरोबर बोलल्या,” लायल पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. “अजून लिहायला हवं होतंस.”

एवढे शब्द तो एरवी दिवसभरातसुद्धा बोलायचा नाही.